रडलीस ती कोणासाठी?

पत्र असं आहे. थोडं कापून देते.

"बाई, जय भीम. मी पवनी तालुक्यातली, वय 29, अंगणवाडी सेविका आहे. रोवणी आटोपल्यावर आमच्या गावात सप्ताह झाला. शेवटच्या रात्री ग्रामपंचायतीसमोर पडदा बांधून 'संत तुकाराम' हा जुना सिनेमा दाखवला. मैत्रिणीसोबत गेले, भिंतीला टेकून उभी राहून पाहिला. त्यात तुकारामाची बायको पोराला ओढत, हातात चप्पल घेऊन देवळात जाते ना, तिथं मला जे रडू आलं ते थांबेचना. तेवढ्यात दादा तिथून चालला होता. सगळ्यांसमोर म्हणाला, 'काहून रडून राहिली वं? बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या ह्याच्यासाठी का?' तेव्हापासून अबोला. दादा स्वतः 'फँड्री' हा जातिभेदावरचा सिनेमा मोबाइलवर घेऊन फिरतो, येईल त्याला दाखवतो. मी तो मैत्रिणीला लावून दिला तर तिनं अर्ध्यातच बंद केला. 'असं घाण घाण काहून पाहतेस?' म्हणाली. मला दोघांचाही राग आला. आता भजनी मंडळाच्या बायका म्हणतात, तुझा गळा गोड आहे, कार्तिकात काकड्याला 'आधी बीज एकले' म्हणायला ये. बाई, मी देव मानत नाही. मग तो सिनेमा मला आवडला कसा? मी खोटी आहे का? आणि गाऊ की नको?
— दोन्हीकडून बोलणी खाणारी"

जय भीम, पोरी.

तुझं पत्र तीनदा वाचलं. 'सिनेमा पाहून रडू आलं' एवढं लिहून थांबणारे खूप असतात. तू नेमकं कुठं रडू आलं ते लिहिलंस, त्यामुळे माझं अर्धं काम झालं.

तुकोबा कीर्तनात रंगतात तिथं तू रडली नाहीस. वैकुंठाला जायला गरुड उतरतो तिथंही नाही. सप्ताहातली अर्धी माणसं तिथं डोळे पुसत असणार, मला न सांगता ठाऊक आहे. तू रडलीस ती जिजाईजवळ. घरात दाणा नाही, पोरगं आजारी, नवरा देवाच्या नादी. ही बाई त्या पोराला ओढत देवळात जाते आणि विठोबापुढं चप्पल उगारते. गौरी नावाच्या नटीनं ते काम केलंय आणि माझ्या मते त्या सिनेमातलं सगळ्यात खरं काम तिचं आहे. विष्णुपंत पागनीसांच्या तुकोबांपुढं लोक हात जोडत, ते ठीकच. पण घर चालवते ती गौरी.

आता तू काय करतेस ते बघ. दर महिन्याला काट्याला झोळी टांगून त्यात लेकरू ठेवतेस. दंडाला पट्टी लावतेस. साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आली की पट्टीचा लाल रंग दिसतो आणि तुझ्या पोटात गोळा येतो. मग त्या लेकराच्या आईला समजावतेस आणि ती म्हणते, 'काय करू बाई, ह्याच्या बापाचं लक्षच नाही घरात.' असं किती वेळा ऐकलंस? मग पडद्यावर एक बाई आजारी पोराचा हात धरून देवाला जाब विचारायला निघाली आणि तुझ्या डोळ्यांना धार लागली, तर त्यात देव मानण्याचा प्रश्न आला कुठं? तू तुझ्या कामाच्या डोळ्यांनी सिनेमा पाहिलास. शेजारचे आजोबा त्यांच्या माळेच्या डोळ्यांनी पाहत होते. पडदा एकच होता.

म्हणून खोटी वगैरे काही नाहीस तू. हा प्रश्न मिटला. दादाचा मिटायचा आहे.

दादावर मी रागावणार होते, पण पत्रातल्या एका ओळीनं थांबवलं. तू लिहिलंस, 'भिंतीला टेकून उभी राहून पाहिला'. का गं उभी? सतरंज्या संपल्या होत्या? तुझी मैत्रीणही उभी होती, की ती आत बसली होती आणि तू भिंतीशी? तू सहज लिहून गेलीस, पण मला वाटतं, दादाला तेच आधी दिसलं असेल. सतरंजीवर गाव बसलेलं आणि आपली बहीण कडेला उभी राहून त्यांच्या देवाच्या सिनेमाला रडतेय. सप्ताहाच्या मांडवात आपली माणसं कुठं उभी राहत हे त्यानं आजीकडून ऐकलं असेल. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला माणसं बाबासाहेबांसोबत धम्मदीक्षा घ्यायला, त्या बावीस प्रतिज्ञा म्हणायला गेली ती त्या कडेच्या उभं राहण्याला कंटाळून. दादा बोलला ते चारचौघांत बोलला, ते चुकलंच. पण ते कुठून आलं हे तुला कळायला हवं. प्रतिज्ञांचा अर्थ मी तुला शिकवावा हा माझा अधिकार नाही, मी माळकरी घरातली. एवढंच विचारते: अमुक देवांची उपासना करणार नाही असं म्हटलंय, तर भुकेल्या पोराच्या आईसाठी रडणं ही कोणाची उपासना?

दादाला एक आठवण दे. त्याला ठाऊक असेलच, पण ह्या कामासाठी वापरली नसेल. 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा त्याच्या शिरोभागी कोणाचे शब्द छापले? तुकोबांचे.

काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ॥
नव्हे जगीं कोणी मुकियांचा जाण । सार्थक लाजून नव्हे हित ॥

पुढं 1927 ला 'बहिष्कृत भारत' आलं तेव्हा वर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. 1948 चं 'द अनटचेबल्स' हे पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा ह्या तीन संतांच्या स्मृतीला वाहिलं. ह्यातला चोखोबा तर आपल्या बुलढाण्याकडच्या मेहुणाराजाचा मानतात.

आणि ह्याच बाबासाहेबांनी संतांवर टीकाही केली, तीही जपून नव्हे. जातिव्यवस्था मोडण्यावरचं लाहोरचं न होऊ शकलेलं भाषण 1936 ला छापलं, गांधीजींनी त्यावर लिहिलं, आणि त्यांना उत्तर देताना बाबासाहेबांनी स्पष्ट सांगितलं की संतांनी जातिव्यवस्थेवर हल्ला केला नाही. सगळी माणसं देवाच्या दारी समान आहेत असं ते म्हणाले, माणसामाणसांत समान आहेत असं नाही. म्हणजे तुकोबांचे शब्द आवडले म्हणून डोक्यावर घेतले, संतांचा मार्ग पुरा पडत नाही म्हणून तेही लिहून ठेवलं. एकाच माणसाच्या मनात दोन्ही मावलं. तुझ्या-माझ्या का मावू नये?

गंमत म्हणजे तुम्ही पाहिलेला सिनेमाही 1936 चाच. पुण्यात प्रभात कंपनीत झाला. दामले आणि फत्तेलाल असे दोन दिग्दर्शक. फत्तेलालांना सगळे साहेबमामा म्हणत, धर्मानं मुसलमान. वैकुंठ त्यांना पटत होतं का, हे त्यांना कोणी विचारल्याचं मी कुठं वाचलं नाही. गरुडाचं विमान मात्र बेतलं झोकात. पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात ह्या सिनेमाचा गौरव झाला. तिथं कोणाला विठोबा ठाऊक होता?

आता 'आधी बीज एकले'. हे गाणं म्हणायला बोलावलंय म्हणतेस, म्हणून आमच्या घरची गोष्ट सांगते. माझे वडील गावातल्या भजनात ते तुकोबांचा अभंग म्हणून गात. डोळे मिटून, मान हलवत. मी डीएडला असताना कुठंतरी वाचलं की ते तुकोबांचं नाहीच, शांताराम आठवल्यांनी ह्या सिनेमासाठी लिहिलंय. सुटीत घरी आले ती मोठा शोध लावल्यासारखी. बाबा जेवत होते. म्हटलं, बाबा, गाथेत शोधा, सापडणार नाही. ते काही बोलले नाहीत. हात धुतला, गाथा काढली, चष्मा लावला आणि दोन दिवस शोधत बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, 'नाही सापडत. पण म्हणजे तुकोबा त्या आठवल्याच्या तोंडून बोलले असतील.' मी हसले. त्यांनी त्या वर्षी भजनात ते गाणं पहिल्यापेक्षा जोरात म्हटलं.

तेव्हा मला वाटलं, श्रद्धा माणसाला आंधळं करते. आता वाटतं, मी अर्धंच पाहिलं. तुकोबांचं नाव होतं म्हणून बाबा त्या गाण्यापाशी थांबले, हे खरं. गाणं मुळात रोपट्यासारखं साधं आणि सुंदर नसतं तर नुसत्या नावावर चाळीस वर्षं टिकलं नसतं, हेही खरं. आपण काय मानतो त्यावर आपण कोणत्या दारातून आत शिरायचं हे ठरतं. आत गेल्यावर घर कसं आहे ते घरानं दाखवायचं असतं.

कधी कधी मात्र माणूस दारातच लोटांगण घालतो आणि घर बघतच नाही. 1975 ला 'जय संतोषी माँ' आला, तेव्हा मी सतरा वर्षांची. जत्रेत तंबूची टॉकीज आली होती. बायका चपला बाहेर काढून आत जात होत्या. पडद्यावर देवी आली की फुलं, चिल्लर उडे, आरतीला सगळ्या उभ्या. मीही उभी राहिले, टाळ्या वाजवल्या, भारावून बाहेर आले तर चपला गेलेल्या. नवीन होत्या गं, पोळ्याला घेतलेल्या. अनवाणी घरी पोहोचले तर बाबा म्हणाले, 'देवाले गेली होती का सिनेमाले?' त्या सिनेमातलं एक दृश्य मला आज नीट सांगता येणार नाही. दर्शन झालं होतं, सिनेमा पाहिलाच नव्हता. त्या बायकांना मी नावं ठेवत नाही, त्या दर्शनालाच आल्या होत्या. फक्त दर्शन आणि पाहणं ह्या दोन गोष्टी आहेत. तू भिंतीशी उभी राहून पाहिलंस, म्हणून तुला जिजाई दिसली. पहिल्या रांगेतल्या किती जणांना ती दिसली असेल, सांगता येत नाही.

दादाला ते चपलेचं दृश्य एकदा मोबाइलवर लावून दे. देवाला चपलेनं मारायला निघालेली बाई त्याला आवडेल, पैज लाव. आणि त्याला हेही सांग की भाविकांनाही ते दृश्य आवडतं, आजही. आपल्याकडं देवाशी भांडायची मुभा जुनी आहे. 'अरे विठ्या विठ्या, मूळ मायेच्या कारट्या' हे जनाबाईच्या नावावरचं आहे. पोळ्याच्या झडत्या ऐकल्यास ना? तोरणाखाली बैल उभे करून सावकारापासून सरकारापर्यंत आणि खुद्द महादेव-पार्वतीच्या संसारापर्यंत सगळ्यांची टर उडवायची आणि वर 'एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव' म्हणून मोकळं व्हायचं. कोणाच्या भावना दुखावल्या असं मी माझ्या लहानपणी ऐकलं नाही. हल्ली ऐकते.

आता तुझ्या मैत्रिणीकडं वळते. तिच्याबद्दल बोलायला मला जरा जड जातंय, कारण मी तिच्या जागी बसून आलेय.

'फँड्री' फेब्रुवारी 2014 मध्ये लागला, तेव्हा आम्ही पाच शिक्षिका मिळून पाहायला गेलो. माझी निवृत्ती दोन वर्षांवर होती. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, 'चांगला आहे, पण अति दाखवलंय. आता कुठं राहिलंय असं?' एक तरुण बाई होती आमच्यात, नवीन लागलेली. ती काही बोलली नाही. बसमध्ये शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, 'बाई, आपल्या शाळेत खिचडीच्या वेळी ती कोपऱ्यातली ओळ कोणाची असते?'

होती एक ओळ. नाल्यापलीकडच्या वस्तीतली सात-आठ पोरं हातात ताटली घेऊन नेहमी हापशीजवळ बसत. कोणी बसवत नव्हतं. आपोआप बसत. मी वीस वर्षं ती ओळ पाहिली होती आणि मनाशी म्हणत होते, त्यांना एकत्र बसायला आवडतं. दिसत नव्हतं असं नाही, खुपत नव्हतं. माझी समजूत अशी होती की मी भेदभाव मानत नाही. आणि मी मानत नाही म्हणजे माझ्या शाळेत तो नाहीच. त्या समजुतीच्या डोळ्यांनी 'फँड्री' पाहिला तर तो 'अति'च दिसणार.

त्यात ते दृश्य आहे बघ, मेलेलं डुक्कर काठीला बांधून नेतात आणि मागं शाळेच्या भिंतीवर फुले, सावित्रीबाई, बाबासाहेब, गाडगेबाबांची चित्रं. गाडगेबाबा तर आपल्या अमरावतीकडचे. तशीच भिंत आमच्या शाळेला होती, रंगवायला वर्गणी मीच गोळा केली होती. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मला डुक्कर दिसलंच नाही, भिंत दिसली. आणि शेवटी तो जब्या, त्या सिनेमातला पोरगा, दगड भिरकावतो, तो सरळ पाहणाऱ्याच्या अंगावर. मी मान बाजूला घेतली. खरंच घेतली, घरी एकटीच पाहत होते, तरी.

हापशीजवळची ती ओळ मी दुसऱ्या दिवशी मोडली. त्यात फार मोठं काही केलं नाही, ताटल्या उचलून मध्ये ठेवल्या. वीस वर्षांनी.

म्हणून मैत्रिणीवर रागावू नकोस, पण तिला सोडूनही देऊ नकोस. 'घाण घाण' म्हणाली ती, म्हणजे तिला काहीतरी लागलं. ज्यानं काहीच होत नाही ते आपण बंद करत नाही, चालू ठेवून भाजी निवडत बसतो. ती अर्ध्यात कुठं थांबली तेवढं विचार. 'कसा वाटला' विचारू नकोस. त्या प्रश्नाला माणसं आपलं मत काढून दाखवतात, रेशनकार्ड दाखवावं तसं. 'कुठं बंद केलास?' असं विचार. ती जागा सांगेल, आणि ती जागा सांगताना आणखी काही सांगेल. दादालाही हेच विचार, 'फँड्रीत तुझा जीव कुठं अडकतो?' शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं आणि हातातोंडाशी आलेलं डुक्कर सोडून ती माणसं जागच्या जागी उभी राहतात, तिथं तो हसतो की रडतो, मला जाणून घ्यायला आवडेल. मी दोन्ही केलं.

थांब, एक गोष्ट राहिली, नाहीतर तू म्हणशील बाई सगळंच गोड करून सांगतात. प्रत्येक कलाकृतीसमोर मन मोठं करून बसायचं असा काही नियम नाही. दिवाळीनंतर वडशाची नाटकं सुरू होतात, तुमच्या गावातही शंकरपटाला येत असतील. मी लहानपणापासून जाते. पोतं अंथरायचं, गोधडी पांघरायची, पहाटेपर्यंत बसायचं. पूर्व विदर्भातल्या ह्या झाडीपट्टीच्या रंगभूमीचा मला अभिमान आहे. गडचिरोलीच्या परशुराम खुणेंना 2023 ला पद्मश्री मिळाली तेव्हा मी शेजारीपाजारी पेढे वाटले. पण त्याच रंगमंचावर मी अशी नाटकंही पाहिली की बाईनं पहिल्या अंकात उंबरठा ओलांडला की तिसऱ्या अंकात तिचं वाटोळं ठरलेलं. तिथं मला पटत नाही, तरी नटी चांगली असली की रडते. रडून झाल्यावर घरी येऊन शिव्या घालते. ते चालतं.

मात्र काही नाटकांत एक गडी असतो, त्याची भाषा, त्याचं काळं तोंड, त्याचं आडनाव सुचवणारे विनोद. सगळा मंडप हसतो आणि मंडपातलीच काही माणसं खाली पाहतात. तिथं बसून राहायची गरज नाही. ऊठ, फुटाण्याची पुडी घे आणि घरी जा. कला कळत नाही असं कोणी म्हणालं तर म्हणू दे. 'फँड्री'नं मलाही अस्वस्थ केलं आणि असल्या विनोदांनी त्या माणसांनाही केलं असेल, पण दोन्ही एक नव्हेत. मी एकच बघते: हसायला कोणाला सांगितलंय आणि कोणावर. दरवेळी ते चटकन कळतं असंही नाही, माझी गफलत होते. एका नाटकातून मी रागानं उठून आले आणि नंतर कळलं, चौथ्या अंकात त्याच गड्यानं सगळ्यांची बोलती बंद केली होती. आता शेवटपर्यंत बसते आणि मग रागावते. माझं वय झालं म्हणून मला ते जमतं, तुझ्यावर सक्ती नाही.

गाण्याचं. गा, असं मी एका शब्दात सांगू शकते, पण तुझ्या जागी मी आधी दोन गोष्टी विचारल्या असत्या. पहिली मंडळाच्या बायकांना: काकड्याला मी आले तर बसायचं कुठं? पेटीशेजारी, तुमच्या ओळीत, की गाणं झालं की भिंतीशी? आडून विचारू नकोस, सरळ विचार. हसून विचारलंस तरी चालेल. त्यातल्या एकदोघी चपापतील, एखादी म्हणेल, 'असं काय विचारतेस बापा.' त्यांच्या चेहऱ्यावरून तुला उत्तर कळेल. दुसरी गोष्ट: 14 एप्रिलला विहारात तू गाशील तेव्हा ह्यातल्या किती जणी येऊन बसतील? मी मोजून घेतलं असतं. तुझा गळा गोड म्हणून तू त्यांच्याकडं जायचं आणि त्यांना मात्र तुमच्या वस्तीचा रस्ता ठाऊक नाही, अशा ये-जा करण्याला मोठ्या मनाचं नाव देऊ नये. दादाचा राग बहुतेक ह्या एकतर्फी वाटेवरच आहे, त्याला नीट मांडता आला नाही इतकंच. तू हे दोन प्रश्न विचारलेस असं त्याला कळलं तर अबोला अर्धा तिथंच सुटेल, बघ.

आणि समज, उत्तरं बरी आली नाहीत. तर नको जाऊस. गाणं कुठं जातं? अंगणवाडीत पोरांना शिकव. बी, अंकूर, रोप, एवढंच तर आहे त्यात, पोरांना वाफ्यात दाखवून शिकवता येईल. वैकुंठ लागत नाही त्याला.

उत्तरं बरी आली आणि गेलीस, तर माझं एक काम कर. सुरुवात करण्याआधी माइकवर सांग की हे गीत शांताराम आठवल्यांचं आहे. कोणीतरी मागून ओरडेल, 'तुकोबांचं आहे ते!' वाद घालू नकोस, घरी जाऊन गाथा काढा म्हण, आणि सूर लाव.